धूर अजून येत नाही

नोव्हेंबर लागला की आमच्या सेक्टरच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी हवेचा आकडा टाकतं आणि त्याखाली सूचना येते, खिडक्या उघडू नका. मग दिवसभर गल्लीत एकही खिडकी उघडत नाही. समोरच्या घरात हवा शुद्ध करणारी यंत्रं आहेत, खोलीगणिक एक. सूर्य नऊच्या पुढे दिसतो आणि तोही स्टीलच्या ताटलीसारखा, बिनधगीचा. मला या हवेचा खोकला होतो, डॉक्टर रागावतात, तरी स्वयंपाकघराची मागची खिडकी मी बोटभर उघडी ठेवतो. कोपऱ्यावरचा वॉचमन काटक्या पेटवून हात शेकत बसलेला असतो. त्या काटक्यांत वेड्या बाभळीचं लाकूड असेल तर मला ते वासावरून कळतं. केंद्र सरकारच्या फायलींत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला लाकडाचा वास ओळखता यावा याचं कुणालाही नवल वाटेल. ते मी एका थंडीत शिकलो. शैला, माझी बायको, गेली त्यानंतरची ती पहिली थंडी.

तेव्हा गुडगाव अजून गुडगावच होतं, त्याचं नाव बदललेलं नव्हतं. हायवेच्या कडेला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या मागे मोहरीची शेतं तशीच होती. आमच्या गल्लीतले निम्मे प्लॉट रिकामे होते. त्यांत वेड्या बाभळी माजलेल्या, आणि सकाळी त्यांच्यामधून मोर चालत यायचे, मालक असल्यासारखे. राजधानीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात आम्ही बावीस वर्षं काढली होती. तिथे शेजारच्या कुकरची शिट्टी मोजून शैला आपला गॅस बंद करायची. भिंतीच इतक्या पातळ होत्या. गुडगावच्या घराच्या भिंती जाड, खिडक्या मोठ्या, दारं जड. दार लावलं की बाहेरचं काही आत येत नसे आणि आतलं बाहेर जात नसे. पहिल्या महिन्यात शैला म्हणाली होती, "घर छानच आहे हो. पण इथं शिंक आली तर 'सत्य' म्हणायलाही कुणी नाही."

घर मिलिंदचं. मिलिंद आमचा एकुलता एक. अमेरिकेत बारा वर्षं काढून कंपनीच्या कामासाठी तो गुडगावला परत आला, तेव्हा त्याने हे घर घेतलं आणि आम्हाला क्वार्टरमधून इथे आणलं. मी निवृत्त व्हायला तेव्हा काही महिनेच उरले होते. त्याचं सामान जहाजाने आलं. सोफे, पुस्तकं, नातीची सायकल, आणि एका भल्यामोठ्या खोक्यात काळ्या पिंपासारखं काहीतरी. आडवं ठेवलेलं, चार पायांचं, वर झाकण, बाजूला पेटी, मागून निघालेलं धुराडं. पेलेट स्मोकर. धुरावर मांस शिजवायचं यंत्र.

मिलिंदने मोठ्या उत्साहाने मला ते समजावलं होतं. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक कांड्या असतात, कोंबड्यांच्या खाद्यासारख्या दिसणाऱ्या. त्या पेटीत भरायच्या. आत एक स्क्रू फिरतो, तो त्या कांड्या मोजून मोजून विस्तवाकडे ढकलतो. छोटा पंखा वारा घालतो. बटण फिरवून उष्णता ठरवायची आणि निवांत बसायचं. यंत्र अमेरिकन विजेवर चालणारं, म्हणून त्याच्यासाठी एक ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. तो दिवसभर मधमाश्यांसारखा गुणगुणायचा. दर शनिवारी मिलिंद मागच्या अंगणात त्यावर कोंबडी लावायचा. मांस असं मऊ व्हायचं की हाडापासून आपोआप सुटावं. फक्त एक उणीव होती. धुराचा वास फार थोडा यायचा. शैला पहिला घास घेऊन म्हणायची, "एवढं मोठं यंत्र आणि धूर उदबत्तीएवढासुद्धा नाही." सगळे हसायचे. मिलिंदही हसायचा, पण त्याला ते लागायचं. मला दिसायचं.

तीन वर्षांनी कंपनीने त्याला परत बोलावलं. सून आणि नात आधी गेल्या, मग तो. स्मोकर इथेच राहिला, आणि जिन्याखाली कांड्यांची सहा पोती.

तो गेल्यावर दोन महिन्यांनी शैलाचं दुखणं कळलं. पोटात होतं आणि पसरलेलं होतं. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर तिने पहिली गोष्ट सांगितली ती ही, "मिलिंदला कळवू नका. नवी जागा आहे, पोरीची नवी शाळा आहे. मी जरा सावरले की मीच सांगेन." मी बरं म्हणालो. ती सावरली नाही. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा, तिथे शनिवारची रात्र असायची. शैला जमेल तेवढे दिवस स्वतः बोलली. मग आवाज बारीक व्हायला लागला तसा फोन मी घ्यायला लागलो. आई मंदिरात गेली आहे. आई मयूर विहारला तिच्या मैत्रिणीकडे राहायला गेली आहे. आई झोपली आहे, उठवू का? आणि तो म्हणायचा, नको, झोपू दे.

शेवटच्या दोन दिवसांत मी त्याला खरं सांगितलं. तो मिळेल त्या विमानाने निघाला. पोचला तेव्हा आम्ही स्मशानातून परत येऊन आंघोळी करून बसलो होतो. तेरा दिवस राहिला. सगळं नीट केलं, कागदपत्रं, बँक, माझ्या औषधांचा डबा. पण माझ्याशी कामापुरतं बोलला. निघताना टॅक्सीत बसून म्हणाला, "काळजी घ्या," आणि काच वर केली.

त्यानंतरचे रविवार मला आजही मोजून आठवतात. फोन वाजायचा. "कसे आहात?" "बरा आहे." "जेवण?" "बाई येते, करून जाते." "थंडी पडली?" "थोडी." मग दोघेही गप्प. समुद्रापलीकडची ती शांतता कानाला लागायची, तिच्यात मध्येच खरखर व्हायची. "ठेवू मग?" "ठेव." तीन मिनिटं. आमच्या घरात बोलण्याचं खातं शैलाकडे होतं. मी तिच्या मागे उभा राहून म्हणायचो, माझाही आशीर्वाद सांग. बापलेकांनी आपसांत काय बोलायचं हे मला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

बाकीचा आठवडा कसा जायचा ते सांगण्यासारखं नाही. सकाळी ऊन अंगणातल्या भिंतीवर यायचं, दुपारी जमिनीवर, चारला निघून जायचं. मी त्याच्याबरोबर खुर्ची सरकवत राहायचो. सरोजिनी नगरचे जुने शेजारी पांगले होते. कुणी पुण्याला परतलं, कुणी नोएडात मुलाकडे. एकदा मी बसने सरोजिनी नगरला गेलो, नुसता. मार्केटमध्ये स्वेटरांचे ढीग पडले होते, पोरी घासाघीस करत होत्या, "भैया, सही लगाओ." मी आमच्या जुन्या ब्लॉकपाशी जाऊन उभा राहिलो. आमच्या गॅलरीत कुणाचे तरी पायजमे वाळत होते. वर जाऊन काय सांगणार होतो? परत आलो.

अशाच एका शनिवारी, अंगणात बसल्या बसल्या, माझं लक्ष स्मोकरकडे गेलं. त्याच्यावरच्या ताडपत्रीवर चिमण्यांनी घाण केली होती. मी ताडपत्री काढली, जाळी घासली, ट्रान्सफॉर्मर लावला, पेटीत कांड्या ओतल्या. मी आयुष्यात चहापलीकडे काही शिजवलं नव्हतं. बाईकडून कोंबडीला मीठ, हळद, आलं-लसूण लावून घेतलं आणि जाळीवर ठेवून दिलं. चार तासांनी कोंबडी शिजली होती, आणि धुराचा वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोनवर "थंडी पडली?" झाल्यावर मी म्हणालो, "काल तुझा स्मोकर लावला होता."

मग, "तुम्ही?"

"हो. शिजलं छान. पण धूर येत नाही."

"उष्णता किती ठेवली होती?"

मी आकडा सांगितला.

"बाबा, फार जास्त. उष्णता जास्त असली की कांड्या स्वच्छ जळतात, धूर होतच नाही. पहिले दोन तास एकदम कमी ठेवायची. सगळ्यांत खालच्या खुणेवर. वाढवायची ती शेवटी." आणि मग तो बोलत राहिला. कोंबडी फ्रिजमधून काढून थंडच ठेवायची, गार आणि ओलसर मांस धूर जास्त धरतं. आत पाण्याचं भांडं ठेवायचं. झाकण सारखं उघडून बघायचं नाही. "तुम्ही उघडून बघितलंत ना?"

"चार-पाच वेळा."

तो हसला. शैला गेल्यापासून पहिल्यांदा. घड्याळात बघितलं तर अठरा मिनिटं झाली होती.

तिथून माझ्या आठवड्याला आकार आला. शनिवारी स्मोकर, रविवारी फोन. सोमवारपासून पुढच्या शनिवारचा विचार. मी ऑफिसातली जुनी सवय काढली, एका वहीत लिहून ठेवायला लागलो. उष्णता, वेळ, वारा कुठून होता, चव कशी. उष्णता कमी केली तसा धूर थोडा वाढला, पण फार नाही. मिलिंद विचारायचा, कांड्यांना ओल तर लागली नाही ना? मी पोतं उन्हात पसरलं. तो म्हणायचा, विस्तवाची वाटी साफ केलीत का? मी राख काढली. त्या थंडीत मला धुराचे रंग कळायला लागले. सुरुवातीचा पांढरा, दाट, डोळ्यांत जाणारा. मग विस्तव स्थिरावला की निळसर, पातळ, असून नसल्यासारखा. दुपारच्या तिरप्या उन्हात तो धुराड्यातून निघताना दिसायचा आणि हातभर वर जाऊन नाहीसा व्हायचा. तो बघत मी तासन्‌तास बसायचो. आत काहीतरी शिजतंय आणि आपल्याला थांबायचं आहे, एवढंच काम. एकट्या माणसाला थांबण्यासाठी कारण मिळणं ही मोठी गोष्ट असते.

एकदा मध्येच वीज गेली. गुडगावात तेव्हा ती रोजच जायची. पंखा बंद पडला, स्क्रू थांबला, आणि आतल्या कांड्या धुमसायला लागल्या. झाकणाच्या फटींतून असा धूर उसळला की शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधून कुणीतरी हाक मारली, "बाबूजी, आग लाग गी के?"

ते चौधरी रतनसिंग. आमचा सेक्टर ज्या जमिनीवर उभा आहे त्यातला बराच भाग एके काळी त्यांचा होता. जमीन गेली, पैसा आला, मुलांनी गावात संगमरवरी तीनमजली घर बांधलं. चौधरी मात्र रोज दुपारी हुक्का घेऊन आपल्याच जुन्या शेतात, म्हणजे माझ्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर, बाज टाकून बसायचे. साडेतीन वर्षांत आम्ही एकमेकांना फक्त हात वर करून नमस्कार केला होता.

ते आत आले, स्मोकरभोवती एक फेरी मारली. मी झाकण उघडलं. कोंबडी काळी झाली होती. त्यांनी एक तुकडा तोडून चाखला आणि तोंड वाकडं केलं. "कड़वा सै. धूआँ भीतर घुट ग्या. उसनै निकलण का रास्ता देणा पड़ै सै." मग खाली बसून त्यांनी पेटीतल्या कांड्या हातात घेतल्या, चोळल्या, हुंगल्या. "यो के सै? बुरादा? बाबूजी, लकड़ी चाहिए तो लकड़ी जलाओ."

दुसऱ्या दिवशी ते मला त्यांच्या घरी घेऊन गेले. संगमरवरी घराच्या मागे, जिथे पाहुण्यांची नजर जात नाही, तिथे त्यांच्या बायकोचा हारा होता. मातीचा गोल, पोटाएवढा उंच. त्यात गोवऱ्या धुमसत होत्या आणि वर मातीच्या मडक्यात सकाळपासून दूध तापत होतं. त्यांच्या बायकोने डोक्यावरचा पदर पुढे ओढून मला पेलाभर दूध दिलं. तांबूस, जाड सायीचं, आणि प्रत्येक घोटात धूर. कडू अजिबात नाही. गोड म्हणावा असा. मी पेला संपवला आणि विचारलं, "इसमें धुआँ कैसे आता है?" दोघेही माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी कधी तो आणायचा प्रयत्नच केला नव्हता.

चौधरींनी प्लॉटवरच्या वेड्या बाभळीची, त्यांच्या भाषेत विलायती कीकरची, वर्षभर वाळलेली फांदी तोडून मुठीएवढे तुकडे करून दिले. रविवारी मी ते मिलिंदला सांगितलं तर तो जवळजवळ ओरडला. "विलायती कीकर? बाबा, ते मेस्कीटचं भावंड आहे. इथे लोक धुरासाठी त्या लाकडाच्या पिशव्या विकत घेतात. आणि ते आपल्या कुंपणाला लागून आहे? तीन वर्षं मी तिथे राहिलो." आपल्या, असं तो म्हणाला. मला ते ऐकू आलं.

पुढच्या शनिवारी मी जुन्या लोखंडी कढईत तीन तुकडे ठेवले आणि ती विस्तवावरच्या पत्र्यावर सरकवली. उष्णता सगळ्यांत खाली. कोंबडी थंडगार. धुराडं पूर्ण उघडं. चार तास मी झाकणाला हात लावला नाही. डिसेंबरचा मध्य होता, ऊन केव्हाच भिंतीवरून उतरलं होतं, चौधरी शाल पांघरून माझ्या शेजारी बसले होते. झाकण उघडलं तेव्हा कोंबडी महोगनीच्या टेबलासारखी दिसत होती. आम्ही हातानेच तोडली. पहिल्या घासाला धूर आला. जिभेवर, टाळूला, मग नाकात मागून. दोन्ही हातांना रात्रभर तो वास होता आणि मी हात धुतले नाहीत.

चौधरी म्हणाले, "इब ठीक सै."

रविवारी सकाळी मी फोनजवळ आधीच जाऊन बसलो. सांगायचं वाक्य तयार होतं. घंटी वाजली आणि त्याने "कसे आहात" न विचारता थेट विचारलं, "काय झालं? कीकर लावलंत?"

त्या आवाजात उत्सुकता होती. माझ्या मुलाला माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं. आणि मला एकदम पुढचे रविवार दिसले. जमलं म्हटलं की तो म्हणणार, वा, छान. मग थंडी पडली? थोडी. ठेवू मग?

मी म्हणालो, "नाही रे. धूर अजून येत नाही."

"असं कसं होईल," तो म्हणाला, आणि पुढचा अर्धा तास आम्ही त्यावर बोललो.

तसे सात-आठ रविवार गेले. दर शनिवारी मी आणि चौधरी धुराने भरलेली कोंबडी खायचो. कधी वांगी लावायचो, कधी पनीर. सेक्टरमधली दोन-चार घरं वास घेत कुंपणापाशी यायला लागली, त्यांनाही वाटा जायचा. आणि रविवारी मी फोनवर नापास व्हायचो. नवीन नवीन अडचणी शोधून काढायचो. आज वारा उलटा होता. आज वीज गेली. मिलिंद तिकडे पुस्तकं वाचायचा, लोकांना विचारायचा, मला उपाय सांगायचा. मध्ये मध्ये दुसरंही काही निघायचं. नातीला इथली आठवण येते. त्याच्या कामात मन लागत नाही. ही वाक्यं धुराच्या आडून यायची आणि लगेच परत जायची. चौधरींना मी एकदा सगळं सांगून टाकलं. त्यांनी हुक्क्याची नळी तोंडातून काढली. मग म्हणाले, "साची बात बता दे नै. छोरा ही तो सै." मी म्हणालो, पुढच्या रविवारी. तो पुढचा रविवार आला आणि गेला.

फेब्रुवारीत मिलिंद कामासाठी चार दिवस गुडगावला आला. बॅगेतून त्याने पहिल्यांदा काय काढलं तर भोकं पाडलेली स्टीलची हातभर नळी. "यात कांड्या भरायच्या, एका टोकाला पेटवायच्या, नुसती धुमसत राहते. उद्या लावू. बघा कसा येत नाही धूर." दुसरा दिवस शनिवारचा. आम्ही दोघे अंगणात. त्याने नळी भरली, मी कढईत कीकर ठेवलं नाही. मुद्दामच. ऊन चांगलं होतं, शेवग्याला फुलं आली होती. त्याच्या कानशिलांवर पांढरे केस आले होते, ते मी तेव्हा पाहिले. मला वाटलं, नळीमुळे धूर येईल, तो खूश होईल, आणि माझं खोटं तिथेच मिटेल.

दुपारी चौधरी नेहमीसारखे कुंपणापाशी आले. मिलिंदला बघून त्यांचा चेहरा फुलला. "आ ग्या बेटा? थारे बापू का मुर्गा खाया? दिसंबर तै हम तो हर शनीचर नै खावाँ सां. इसा धूआँ, पूरा सेक्टर जाणै सै." ते म्हणून गेले आणि मग माझ्याकडे बघून थांबले. काही आठवल्यासारखं करून ते बाजेकडे परत गेले.

मिलिंद खुर्चीत बसला.

"डिसेंबरपासून?"

"हो."

"म्हणजे आपण कीकरबद्दल बोललो तेव्हापासून."

"त्याच शनिवारी जमलं."

"मग दर रविवारी तुम्ही मला..." तो थांबला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "बाबा, मी तुम्हाला विचारायचो, आई कुठंय. तुम्ही म्हणायचात, मंदिरात. एकदा म्हणालात मयूर विहारला. त्या दिवशी ती कुठे होती?"

"हॉस्पिटलमध्ये."

"आणि झोपली आहे म्हणालात तेव्हा?"

"झोपलीच होती. इंजेक्शनने."

त्याने हातातला चिमटा जमिनीवर ठेवला. "अमेरिकेला निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याशी भांडलो होतो. तुम्ही बाहेर गेला होतात. ती म्हणाली, जाऊ नकोस. मी म्हणालो, तू मला सारखी अडवतेस. तिने मान हलवली आणि माझ्या शर्टांच्या घड्या घालत राहिली. मला वाटलं, दिवाळीला येईन तेव्हा बोलेन. फोनवर असलं बोलता येत नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर मी आलो असतो, बाबा. मला फक्त एकदा तिच्यासमोर बसायचं होतं."

शैलाने मला या भांडणाबद्दल एका अक्षराने सांगितलं नव्हतं.

मी म्हणू शकलो असतो की तिनेच सांगू नका म्हटलं होतं. तेरा दिवसांत मी ते दोनदा म्हणालोही होतो. त्या दुपारी मी दुसरं सांगितलं, जे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. "तिने नको म्हटलं होतं हे खरं आहे. पण शेवटच्या महिन्यात ती काही म्हणायच्या अवस्थेत नव्हती. तेव्हा गप्प राहिलो तो मी. तुला सांगितलं की ती जाणार हे पक्कं झालं असतं. फोनवर तुला ती मंदिरात गेली आहे सांगायचो ना, तेवढी दोन मिनिटं मलाही वाटायचं, गेली असेल मंदिरात. येईल."

तो उठून आत गेला. यंत्र चालू होतं, नळी धुमसत होती, धूर सरळ वर जात होता. कोंबडी कधी काढायची ते मला सुचलं नाही. ती वाळून कडक झाली. संध्याकाळी आम्ही दोघांनी वरणभात खाल्ला.

उरलेले दिवस तो ऑफिसला जात राहिला. निघायच्या सकाळी त्याने शैलाचं कपाट उघडलं, तिच्या शालींतली एक घेतली आणि बॅगेत ठेवली. मला विचारलं नाही. टॅक्सी आली. दारात तो वळून म्हणाला, "एक करा. मला फोनवर खरं सांगत जा. वाईट असेल तरी. चांगलं असेल तरीही." आणि वाकून माझ्या पायाला हात लावला, जो त्याने मागच्या वेळी लावला नव्हता.

आता या सगळ्याला बरीच वर्षं झाली. कांड्या त्याच उन्हाळ्यात संपल्या. स्मोकर पुढच्या दोन पावसाळ्यांत गंजला आणि भंगारवाल्याने नेला. चौधरींच्या प्लॉटवर चारमजली इमारत आली. कीकरं गेली, मोर गेले, आणि एका जानेवारीत चौधरीही गेले. त्यांच्या तेराव्याला मी गेलो होतो. हारा मोडून तिथे गाड्या लावायला जागा केली होती. मेट्रो आली, तिने मला आता सरोजिनी नगरला पाऊण तासात जाता येतं, आणि मी जात नाही. थंडी तीच आहे, धूरही आहे, जरुरीपेक्षा फार जास्त. तो कुणी मागितलेला नाही.

पण मला त्या फेब्रुवारीतला एक रविवार सांगायचा आहे. मिलिंद परत गेल्यानंतरचा पहिला. सकाळपासून मी फोनपाशी जात होतो आणि परत येत होतो. आदल्या दिवशी मी स्मोकर लावला नव्हता. सांगण्यासारखं काही नव्हतं. तो फोन करील याचीही खात्री नव्हती. नेहमीच्या वेळेवर वीस मिनिटं झाली, तेव्हा घंटी वाजली.

"कसे आहात?"

बरा आहे, हे शब्द जिभेवर आले. इतक्या वर्षांची सवय. मी ते गिळले.

"बरा नाही," मी म्हणालो. "तू गेल्यापासून चार दिवस दाराबाहेर पडलो नाही. कुठे जायचं तेच कळत नाही. काल दुपारभर अंथरुणात होतो. ताप वगैरे काही नाही."

आता तो काय म्हणेल? डॉक्टरला दाखवा म्हणेल. घाईत असेल. मी एवढं सांगायला नको होतं. रिसीव्हर धरलेला हात दुखायला लागला.

"बाबा, ठेवू नका," तो म्हणाला. "एक मिनिट थांबा. मी खुर्ची घेतो."

आणि सात समुद्रांपलीकडच्या एका स्वयंपाकघरात फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.